उरलेल्या आतड्यातला रोवणा

डॉक्टर बाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "इंटेस्टायनल ऑब्स्ट्रक्शन. म्हणजे आतडं अडलंय. बहुतेक पीळ बसलाय. थांबता येणार नाही भाऊ, पोट उघडावं लागेल."

तोवर मी सगळा आळ गावातल्या एका लग्नात खाल्लेल्या वांग्याच्या भाजीवर घातला होता. मोहर्लीहून चंद्रपूरच्या दवाखान्यात येईपर्यंत पोट फुगून नगारा झालं होतं, उलट्या थांबत नव्हत्या, तरी मी बायकोला, शकुनला, ओव्याचं पाणी मागत होतो. पोट असं फुगलं, वारा सरेना आणि उलटी हिरवी व्हायला लागली, तर ओवा शोधत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. वांगं बिचारं निर्दोष होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी होती, हाताला सलाइन. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, व्हॉल्व्ह्युलस. आतडं स्वतःभोवतीच पिळलं जातं, रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग काळा पडतो. माझं लहान आतडं अर्ध्याहून जास्त काळं पडलं होतं. ते कापून टाकलं आणि उरलेली दोन टोकं जोडली. आता मी शॉर्ट बॉवेलचा, म्हणजे आखूड आतड्याचा, पेशंट होतो.

आखूड आतड्याचा अर्थ मला जेवण सुरू झाल्यावर कळला. पेज प्यायलो की संडासाकडे धाव. केळं खाल्लं की धाव. वॉर्डातले लोक माझी वाट मोकळी ठेवायला शिकले. शकुन रडकुंडीला आली.

"बाई, काई बी खाल्लं का तसंच निंगून जाते. हे जगतीन कसे?"

डॉक्टर बाई ब्रह्मपुरीकडच्या, धानकरी घरातल्या. त्या खाटेच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "आतड्याच्या आत बारीक बारीक बोटं असतात, डोळ्याला न दिसणारी. त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेतात. बोटांच्या बुडाशी खड्डे असतात, त्यांचं नाव क्रिप्ट. तिथे नव्या पेशी जन्मतात, बोटावर चढत चढत टोकाला जातात आणि काही दिवसांत गळून पडतात. हे सगळ्यांच्याच पोटात चालू असतं. तुमचं आतडं कमी झालं, म्हणून आता खड्ड्यांत पेशी जास्त जन्मतील. बोटं लांब होतील, खड्डे खोल होतील, आतडं थोडं रुंद होईल. याला अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. आतडं आपली सवय बदलतं."

मी विचारलं, "कापलेलं परत उगवन का बाई?"

"नाही. गेली ती बांधी गेली. पण उरलेल्या बांधीत रोवणा दाट होईल. वर्ष-दोन वर्षं लागतील. धीर धरा."

आमच्याकडे बांधी म्हणजे धानाचा वाफा आणि रोवणा म्हणजे त्यातली लावणी. शकुनचे डोळे तिथेच पुसले गेले. दाट रोवणा तिला चांगला कळतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या आजारात तहान फार लागते आणि माणूस घटाघटा साधं पाणी पितो. ते पाणी अंगात टिकत नाही, जाताना मीठही घेऊन जातं. बाईंनी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायला लावलं. चव रडक्या सरबतासारखी, पण माझे पाय त्यानेच उभे राहिले.

घरी आलो. जीव वाचला याचा आनंद होताच, पण मला माझं काम परत हवं होतं. मी ताडोब्याच्या जंगलात गाइड आहे. पर्यटकांच्या गाडीत पुढे बसायचं, पावलांचे ठसे दाखवायचे, वानराची आरोळी ओळखायची. त्या कामावर माझा जीव. आता पंचाईत अशी की जंगलात गाडीतून खाली उतरायला सक्त मनाई. आणि माझ्या पोटाला ना नियम कळे ना वाघ.

पहिल्याच फेरीला अर्ध्या वाटेत कळ आली. ड्रायव्हरला कानात सांगितलं. त्याने गाडी अशी वळवली आणि अशी पिटाळली की मागचे पाहुणे कॅमेरे काढून उभेच राहिले. त्यांना वाटलं, वाघ दिसला. दिसला गेटजवळचा संडास.

मग मी अक्कल लढवली. फेरीच्या आदल्या संध्याकाळपासून जेवणच बंद. पोटात काही नसेल तर निघेल काय? युक्ती चालली. फेऱ्या बिनघोर व्हायला लागल्या. मी शकुनपुढे छाती फुगवून फिरत होतो. छाती कुठली, बरगड्याच.

तपासणीला गेलो तर बाईंनी वजनाचा काटा पाहिला, मला पाहिलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात युक्ती सांगितली. बाई भडकल्याच.

"भाऊ, वाघाले भीत नाई तुमी अन् भाताले भेता? अन्न आतड्याच्या भिंतीला लागतं, तेव्हाच खड्ड्यांतल्या पेशी वाढतात. उपाशी आतड्यातली बोटं आखूड होतात. तुम्ही तर रोवणाच उपटून राह्यले!"

इतके दिवस मी पोटाला वाचवत होतो असं समजत होतो.

त्यानंतर उलटा कारभार सुरू झाला. एकदम भरपेट नाही, पण दिवसभर थोडं थोडं. शकुन भाताचे लहान गोळे करून द्यायची, सोबत उकडलेलं अंडं आणि बाटलीत ते रडकं सरबत. बाईंनी आतड्याचा वेग कमी करायच्या गोळ्या दिल्या, काही महिने जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही चाललं. फेऱ्या मात्र काही काळ सोडाव्या लागल्या. ते दिवस मी गेटवर बसून, जाणाऱ्या गाड्या पाहत, भात चावत काढले. मन खट्टू व्हायचं. पण धाव हळूहळू कमी झाली. चड्डीचा नाडा आवळून बांधत होतो, तो पुन्हा सैल बांधायची वेळ आली तेव्हा शकुनने शेजारपाजारी ही बातमी सांगून मला लाज आणली.

तुमच्यापैकी कुणाचं आतडं कापलं गेलं असेल, तर डॉक्टरांना विचारून खात राहा. आत कुणीतरी तुमच्यासाठी राबतंय. मी त्या बारीक पेशी कधी पाहिल्या नाहीत, पण रोज पहिला घास घेताना त्यांचे आणि बाईंचे आभार मानतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी परत गाडीत बसलो. पोटात भात होता आणि खिशात भाताचे गोळे. पाणवठ्याच्या वळणावर एक वाघीण दोन पिल्लं घेऊन रस्त्यातच आडवी झाली. मागे दुसऱ्या गाड्या येऊन थांबल्या. ना पुढे जाता येई, ना मागे. ऊन चढत गेलं. पिल्लं आईच्या शेपटीशी खेळत होती. मी खिशातला एक गोळा काढून सावकाश चावला. पोटात एकदा गुडगुडलं, मी श्वास रोखला, आणि ते आपोआप निवलं.

मागच्या सीटवरच्या एक पर्यटक बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही अजून किती वेळ बसेल?"

मी म्हणालो, "बसू द्या तिले. मले काई घाई नाई."