तलावात धुतलेली जीप

आमच्या तलावातल्या मासोळ्या पक्क्या सडकेपर्यंत आणायच्या तर पारीवरून यावं लागतं. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. पावसाचा जोर ओसरला की जाळी पडतात, पण पारीवरचा चिखल दिवाळीपर्यंत वाळत नाही. त्यात साधी गाडी रुतते, म्हणून टोपल्या डोक्यावर आणाव्या लागतात. आमच्या घरी हे काम मी आणि सून करायचो. मागच्या साली सुनेची कंबर धरली, ती सुटलीच नाही. डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केली. उरले मी. माझं वय टोपली उचलायचं नाही.

म्हणून मुलानं चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप घ्यायचं ठरवलं. नवीची ऐपत नाही. यंदा सगळ्यांच्या मासोळ्या माझ्या गाडीतून निघतील, असं त्यानं गावातल्या बाकी मासेमारांना सांगून टाकलं. गाडी पाहायच्या आधीच सांगितलं. जीपमध्ये माझाही वाटा राहणार होता, म्हणून पाहायला मीही गेले.

आषाढात आम्ही अड्याळकडच्या एका धानवाल्या शेतकऱ्याकडे गेलो. सोबत साकोलीचा म्हातारा मिस्त्री होता. त्याला बोलायचा कंटाळा, म्हणून मला बरा वाटला. जीप पुष्कळ जुनी होती, पण अशी चमकत होती की नवरदेव बसवून न्यावा.

"रोज सांजच्याले बैलांसंगं तलावात घालतो अन् घासून धुतो," मालक म्हणाला. "लेकरावानी ठेवली हाय."

मुलगा खूश झाला. खरं सांगायचं तर मीही झाले. आमच्याकडे बैल घेताना मालक त्याला धुतो का, हे आधी पाहतात. जो धुतो तो चारतोही.

मालकानं आम्हाला बसवून डांबरी सडकेवर चक्कर मारली. गियरच्या बाजूचा छोटा दांडा ओढून म्हणाला, "पाहा, आता चारही चाकं ओढून राहिले."

"डांबरावर तं म्हातारा बैलबी ओढते," मी म्हणाले. "बांधीत घाल."

बांधी म्हणजे धानाचा वाफा. रोवणीआधीचा चिखल होता, घोट्याएवढा. मालकाला आवडलं नाही, पण त्यानं घातली. जीप एका धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. पुढची चाकंही चिखल उडवत होती. मुलगा सौदा पक्का म्हणून मालकाचा हात धरायला निघाला. तेवढ्यात मिस्त्री पोतं अंथरून गाडीखाली शिरला.

पुढच्या आसाच्या मध्ये एक गोल डबा असतो. त्यात दातेरी चाकं तेलात फिरतात. मिस्त्रीनं त्याचा बोल्ट काढला. तेल काळं यायला पाहिजे होतं. आलं ते तांदळाच्या धुवणासारखं.

"पाणी शिरलं," मिस्त्री म्हणाला. "दिवसभर चालून डबा तापते. तसाच तलावात घातला का आतली हवा आकसते अन् पाणी ओढून घेते. बैलाले थंडक होते, गाडीले गंज चढते."

"मंग तेल बदलवा, झालं!" मालक म्हणाला.

मिस्त्रीनं तेलात बोट फिरवून वर धरलं. त्यावर लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. माझ्या जोडव्यांनाही एवढी चमक नव्हती.

"तेल बदलते," तो म्हणाला. "झिजलेले दात वापस येत नाई."

"किती दिवस चालन?" मी विचारलं.

"रिकामी चालन अजून. भरून चिखलात चढवली का तुटन."

मुलगा ऐकेना. "माय, तुह्या डोळ्यादेखत बांधीतून निंघाली ना!"

"रिकामी निंघाली. आपल्याले रिकामी चालवाची हाय का?"

"बुढे, तुले गाडीतलं काय समजते?" मालक म्हणाला.

"काईच नाई. म्हणूनच मिस्त्री आणला."

मालकानं तरीही चहा पाजला. आम्ही प्यालो आणि बसनं परत आलो. सारी वाट मुलगा खिडकीबाहेर पाहत होता.

दुसरी जीप मिळाली नाही. भादव्यात जाळी पडली आणि टोपल्या डोक्यावरच निघाल्या. सून घरी होती. मी उचलल्या आणि मुलानंही उचलल्या, जन्मात पहिल्यांदा. बाकीचे मासेमार त्याला पारीवर थांबवून विचारायचे, "काहो शेठ, गाडी कोठी उभी केली?" तो टोपली सावरून पुढं निघायचा. माझ्याशी बोलणं त्यानं टाकलं होतं. माझं म्हणणं बरोबर होतं, पण म्हणून माझी मान दुखायची थांबली नाही.

उन्हाळ्यात एकदा तो अड्याळच्या बाजारातून आला आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "ते जीप पाहिली. चांगली पळून राहिली."

"काय भरलं होतं?"

"लग्नाचं वऱ्हाड."

"सडकेवरून?"

"हो."

"मंग पळनच."

आत सून हसली. हसताना कंबरेत कळ आली म्हणून गप्प झाली. मुलानं चप्पल काढली नाही. तसाच वळला आणि माझं खरं का, हे मिस्त्रीला विचारायला साकोलीला गेला.