वडील काय म्हणाले

इंद्रायणी तांदळाच्या पेजेचा वास आला की मुठा गावातल्या आमच्या घरची ती सकाळ आठवते. मी वडिलांना पेज भरवत होते, तेवढ्यात नागपूरच्या एका रेडिओ केंद्रावरून फोन आला. गावातल्या कार्यक्रमात मी केलेलं निवेदन कुणीतरी ऐकलं होतं आणि ते मला नोकरी देत होते. "जा की, मी हाय हितं," आई म्हणाली. अर्धांगवायूनंतर वडिलांचं बोलणं फक्त मलाच समजायचं. ते कसंबसं काहीतरी बोलले. "काय म्हणत्यात?" आईनं विचारलं. ते "जा" म्हणाले होते. मी सांगितलं, "नगं जाऊ म्हणत्यात." वडील नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्याच वर्षी ते गेले, तसा फोन पुन्हा आला नाही, आणि त्यांनीच पोरीला अडवलं असं आई आजही बोलते.