‘नंतर’ नावाचं फोल्डर

भुताखेतांच्या गोष्टी मी हसून ऐकणाऱ्यांतली. कुणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न — लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, तपासला का? धंदाच तसा आहे माझा... उज्जैनमधल्या दवाखान्यांचे, दुकानांचे सर्व्हर सांभाळते. मशीन उगाच काही करत नाही, यावर माझा देवापेक्षा जास्त भरोसा. तरीही हे लिहिते आहे, हसायचं तर हसा.

इथल्या फ्रीगंज भागात आमच्या ओळखीच्या अण्णांचा व्हिडिओ स्टुडिओ आहे. अर्ध्या शहराची लग्नं त्यांनी शूट केली. गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले, आता त्यांच्या पत्नी मंगलाकाकू एका एडिटरला हाताशी धरून काम चालवतात. तिथला फाइल सर्व्हर — म्हणजे सगळं शूटिंग जिथे ठेवतात ते मशीन — सारखा अडत होता, म्हणून काकूंनी मला बोलावलं.

बिघाड साधा होता. एका वेळी किती फाइली उघड्या राहू शकतात याची मर्यादा फारच कमी होती. ती वाढवली. उगाच जोडून बसलेल्या कॉम्प्युटरची जोडणी आपोआप तुटेल अशी सोय केली. सर्व्हर छान पळायला लागला. जागा मात्र भरत आली होती, म्हणून जुनं सामान पुसायला घेतलं.

‘नंतर’ नावाचं एक फोल्डर काही पुसलं जाईना. म्हणे, फाइल वापरात आहे. कोण वापरतंय पाहिलं, तर कॉम्प्युटरचं नाव — अण्णा.

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "त्यांचा कॉम्प्युटर तर केव्हाच खोलून टाकला. वो देख, ऊपर पडला आहे डब्बा."

खरंच, माळ्यावर नुसता डबा होता. आत डिस्क नाही, मागे वायर नाही. दुसऱ्या कुठल्या मशीनला तेच नाव दिलं असेल म्हणून सगळी तपासली. मग सर्व्हर बंद करून चालू केला. तसं केलं की उघड्या राहिलेल्या फाइली सुटतात. पुन्हा अण्णा! शेवटी चिडून नेटवर्कच्या सगळ्या वायरी उपटल्या, वायफाय बंद केलं आणि सर्व्हर पुन्हा बंद करून चालू केला. तरी अण्णा तिथेच.

काकूंना सांगताना माझा आवाज जरा फाटला असावा. त्या मात्र घाबरल्या नाहीत. "ते तसंच करायचे. काम अधुरं असलं की फाइल खुली ठेवून द्यायचे, म्हणजे कोणी हात नाही लावणार. खोलून देख तरी बेटा, काय आहे त्यात."

पाहता येत होतं, फक्त पुसता येत नव्हतं. उघडलं... तर तेजूचं लग्न. अण्णांची एकुलती एक मुलगी. गावभरच्या फिल्म वेळेवर देणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीची मात्र वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती — गिऱ्हाईक आधी, घरचं नंतर. आणि मी ते पुसायला निघाले होते.

तेजू दुसऱ्याच दिवशी इंदूरहून आली. लग्नापासून ती वडिलांवर जरा रुसलेलीच होती. "बिदाईला सगळे रडत होते गं ताई, आणि बाबा कॅमेरा घेऊन दूर उभे. जवळ आलेच नाहीत. तेव्हासुद्धा शूटिंगच!"

आम्ही नेमका तो भाग लावला. तेजू गाडीत बसते, गाडी वळते, दिसेनाशी होते... कॅमेरा चालूच. नुसता रिकामा रस्ता, किंचित हलणारा. लोक पांगल्याचे आवाज. मग काकूंचा आवाज — "अहो, बंद करा ना आता. गेली ती."

कॅमेरा बंद होत नाही. मग कॅमेऱ्यामागून अण्णा, आवाज पार भरून आलेला — "थांब ना. अजून दिसते आहे मला."

"बाबा," तेजू एवढंच म्हणाली आणि काकूंच्या कुशीत शिरली. मला तर कुठे बघावं कळेना.

त्याच आठवड्यात एडिटरने फिल्म पूर्ण केली. रिकाम्या रस्त्याचा तुकडा तेजूने कापू दिला नाही. ती फिल्म घेऊन इंदूरला गेली, आणि मी सहज सर्व्हर पाहिला. अण्णांचं नाव गेलं होतं. कुणी काहीही केलं नव्हतं. लॉगमध्ये ना जोडल्याची नोंद, ना तुटल्याची.

कितीतरी जाणकारांना विचारलं. कारण आजही सापडलेलं नाही. खरं तर ते नाव गेलेलं पाहून मला हायसं वाटायला हवं होतं... मी तिथेच खुर्चीत बसून रडले.