अठ्ठेचाळीस सेकंदांचं मौन

कार्यक्रमातल्या मौनावर माझा विश्वास नाही. सगळे खाली बघत असतात, त्यामुळे कोण काय करतंय ते कुणालाच दिसत नाही. मी वर बघते. कॉलेजात असताना आमच्या संघटनेत ती सवय लागली, आणि मोर्चे, उपोषणं, पत्रकं वाटणं यात ती पक्की झाली.

आमच्या शाळेसमोर एका जवानाचं स्मारक आहे. पोरगा जवळच्या तांड्यावरचा, सीमेवरच्या गोळीबारात गेला. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला गाव जमतं, त्याचं नाव वाचलं जातं, मग दोन मिनिटं मौन. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे सात चेहरे आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा जवान. मला तिथूनच राग येतो.

एका वर्षी मी मौन सुरू झालं तसं मोबाईलवर घड्याळ लावलं. शाळेतले निवृत्त गुरुजी दरवर्षी मौन पुकारतात आणि तेच ‘ओम शांती’ म्हणून संपवतात. त्यांनी ‘ओम शांती’ म्हटलं तेव्हा आकडा होता अठ्ठेचाळीस सेकंद. दोन मिनिटं कुठं आणि अठ्ठेचाळीस सेकंद कुठं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं. पन्नास. म्हणजे चूक नव्हती, ठरवून चाललं होतं. फ्लेक्सवर मधोमध असणाऱ्या पुढाऱ्याची गाडी चालू ठेवून ड्रायव्हर बसलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. गुरुजी शाळा समितीवर, समिती पुढाऱ्याची. मला आणखी काय पुरावा पाहिजे होता?

तिसऱ्या वर्षी स्मृतिदिनाला आठवडा असताना मी वसमतला जाऊन गुलाबी कागदावर पत्रक छापून आणलं. मथळा माझाच: ‘शहिदाची दोन मिनिटं कुणी खाल्ली?’ खाली सेकंद, गाडी, समिती, सगळं. शेवटी मागणी: पूर्ण दोन मिनिटं, भोंगा लावून, सरकारी अधिकाऱ्यासमोर. एक प्रत तालुक्याच्या कचेरीत दिली. बाजारात वाटलं, एसटीत वाटलं. दोन दिवसांत कचेरीतून निरोप आला, अधिकारी येणार. मी जिंकले होते.

तांड्यावर मी सगळ्यात शेवटी गेले. जवानाच्या आईला सगळा तांडा याडी म्हणतो, त्यांच्या बोलीत आईला तोच शब्द आहे. आम्हीही तेच म्हणतो. याडी अंगणात बोंडातला कापूस काढत बसली होती.

“मला कुठं येतंय वाचता. तूच वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं. सभेत वाचतात तसं, थांबे घेत. याडीचे हात थांबले नाहीत. मी संपवल्यावर म्हणाली, “गुरुजीचं नाव काहून घातलं?”

“तेच मधी बंद करतात ना.”

“व्हय. मीच सांगितलंय त्याह्यला.”

मला वाटलं, हिला कुणीतरी पढवून ठेवलंय. मी तसं विचारलंही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कागद घडी करून हातात धरला.

मग तिनं सांगितलं. पहिल्याच स्मृतिदिनाला, मी तेव्हा कॉलेजला शहरात होते, मौनात ती उभी राहिली आणि तिला रडू आलं. त्यांच्यात बाई मेलेल्याशी बोलत रडते, सुरात, मोठ्यानं. गप उभं राहून रडणं त्यांना माहीत नाही. शहरातून आलेल्या कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, मागं दुःखाचं गाणं लावलं आणि सोडून दिलं. तो व्हिडिओ हिंगोलीपर्यंत फिरला. धाकट्या लेकीच्या सासरी पोचला. एसटी स्टँडवर एकानं तिच्यासमोर मोबाईल धरून विचारलं, ‘मावशी, हे तुमीच का?’

“पोराशी मी काय बोलले ते माझं हाय. ते लोक जेवताना बघून राहिले,” ती म्हणाली. “म्हून गुरुजीला म्हणलं, मी ओढणी दातात धरली की बंद करत जा. तेवढं जमतं मला. त्याच्यापुढं न्हाई.”

“मग येऊच नको याडी.”

“त्याचं नाव मोठ्यानं फक्त तिथंच घेतात. आन् न्हाई आले तर तुझ्यासारखी एखादी तेबी छापंल.”

मी तिथून थेट गुरुजींकडे गेले. ते ओट्यावर बसून माझंच पत्रक वाचत होते.

“अक्षरं बराबर छापलीत,” ते म्हणाले. “शुद्धलेखन मी शिकवलेलं दिसतंय.”

“गुरुजी, मला आधी का नाही सांगितलं?”

“विचारलं का तू?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं?”

“न्हाई.” त्यांनी चष्मा काढला. “आता अधिकारी येतोय. एका भोंग्यापासून दुसऱ्या भोंग्यापर्यंत मौन. माझ्या हातात काय ठेवलं तू?”

खरं सांगायचं तर त्यांच्यावरचा माझा संशय तेव्हाही पूर्ण गेला नव्हता. याडीचं कारण त्यांना आणि पुढाऱ्याला सोयीचंही होतं. पण भोंगा मी मागितला होता. कचेरीत जाऊन मागणी मागं घेते म्हटलं, तर तिथला कारकून हसला. “ताई, साहेबांचा दौरा लागलाय. तुमचंच ऐकलंय ना?”

स्मृतिदिनाला कधी नव्हे इतकी गर्दी होती, माझ्या पत्रकामुळे. पुढच्या रांगेत मोबाईल घेतलेली चार-पाच माणसं होती. एक-दोघांना मी ओळखत होते, दोघं गावाबाहेरचे. त्यांचे मोबाईल स्मारकाकडे नव्हते, याडीकडे होते. म्हणजे तो जुना व्हिडिओ त्यांनाही आठवत होता.

पोराचं नाव वाचलं. भोंगा वाजला. सगळ्यांच्या माना खाली. मी वर बघत होते. याडी बायकांत उभी होती, हात मोकळे सोडून. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तिनं ओढणीचं टोक उचललं आणि दातांत धरलं.

गुरुजींनी ते पाहिलं. त्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. गुरुजींनी मान खाली घातली. याडीचा गळा हलत होता, मोबाईल आणखी वर गेले.

मी ओरडले, “वीर जवान.”

शाळेची पोरं रांगेत होती. त्यांना सवय. अख्खी शाळा एका दमात म्हणाली, “अमर रहे.” मी पुन्हा ओरडले. पोरं पुन्हा. माझा घसा फाटेस्तोवर मी थांबले नाही, आणि सगळे मोबाईल माझ्याकडे वळले. मधूनच मी याडीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, ओढणी सुटली होती. ती बोलत होती. काय, ते मला ऐकू आलं नाही. शेजारच्या बायकांनी तिला मधे घेतलं होतं.

भोंगा परत वाजला तेव्हा अधिकारी लाल झाला होता. “मागणी तुमची, आणि मौन तुम्हीच मोडता?” पुढाऱ्याचा माणूस मागून म्हणाला, “आता हिच्यावर पत्रक काढा रे कुणीतरी. गुलाबीच कागद घ्या.” लोक हसले.

त्या दिवशीचा व्हिडिओ माझा फिरला. खाली लिहिलं होतं, शहिदाचा अपमान करणारी. संघटनेतून फोन आला, खुलासा छाप. मी दोनदा लिहायला बसले. मला निर्दोष ठरवायचं तर याडीला मधे आणावं लागत होतं. नाही छापला. तेव्हा मी तिच्यासाठी ओरडले की माझी चूक झाकायला, हेही मला अजून नक्की सांगता येत नाही.

हे लिहिल्यावर मी तांड्यावर जाऊन याडीला वाचून दाखवलं. या वेळी साधं वाचलं.

“हेबी कुणी फोनवर टाकंल का?” तिनं विचारलं.

“टाकतील.”

“आसू दे. मी काय बोलले ते ह्यात न्हाई,” ती म्हणाली. “गावाचं नाव तेवढं काढ.”

काढलं.