आई चाच्यांच्या दिवशी शाळेत आली

आमच्या सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं. इथे समुद्र कुठला आणि समुद्री चाचे कुठले! पण नव्या प्रिन्सिपॉल मॅडमना कुठून तरी कळलं, की सप्टेंबरात एक दिवस जगभर लोक गंमत म्हणून चाच्यांसारखं बोलतात. झालं, आमच्या इंग्रजी शाळेत सर्क्युलर निघालं. इंग्रजीतून दोन गाणी आणि मराठीतून पाच मिनिटांचं एक नाटुकलं. मराठी शिकवणारी मी, म्हणजे ते माझ्याच गळ्यात.

मी चिडले. एक तर त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यात मराठी चाचा बोलतो कसा, हे कोणाच्या बापाला ठाऊक? तीन संध्याकाळी कागद घेऊन बसले नि उठले. गॅलरीत जा, परत ये, चहा ठेव, तो उतू घालव. शेवटी एक सोपी युक्ती सुचली. चाच्यांना आमच्या गावाकडचं बोलायला लावलं. "कुटं चाललास रं? पेटी हितं ठीव! सोनं हाय का न्हाय?" तालमीत पोरं हसून हसून लोळली. मॅडम म्हणाल्या, "सुपर्ब! एकदम रांगडं वाटतंय." मीही खूश. त्या वेळी मला त्यात काहीसुद्धा खुपलं नाही, याची आज लाज वाटते.

कारण माझं स्वतःचं बोलणं तसंच होतं. मंगळवेढ्याजवळच्या खेड्यातून डी.एड.ला इथे आले, पहिल्याच आठवड्यात वर्गात 'न्हाय' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. दिवाळीपर्यंत मी जीभ घासूनपुसून लख्ख केली. 'आये'ची 'आई' झाली. पुढे लग्न झालं, नोकरी लागली. आई इकडे राहायला आली की मी दारातच दटावायची, "आई, हळू बोल. लोक हसतात."

"हसू देत की. म्या काय चोरी केलीया व्हय?" म्हणायची, आणि तेवढ्याच आवाजात पुढे चालू. गॅलरीतून भाजीवालीशी तिचं भांडण पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं.

ऑपरेशन कार्यक्रमाच्या आदल्याच दिवशी झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी काढायची होती. दवाखाना शाळेच्या मागच्याच गल्लीत, नवरा ड्युटीवर, तेव्हा आईला शाळेत सोबत नेण्यावाचून इलाज नव्हता. सकाळपासून माझं एकच पालुपद. "तू स्टाफरूममध्ये पड जरा. बघण्यासारखं काही नाही त्यात," मी चारदा सांगितलं.

"का गं? तूच लिवलंयस म्हनं की. एक डोळा हाय की माजा अजून!"

हौस दांडगी. इरकली लुगडं नेसून, डोळ्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली आई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली.

पडदा सरकला. एका डोळ्यावर काळ्या कागदाच्या पट्ट्या बांधलेली दहा-बारा पोरं स्टेजवर आली, आणि पहिलाच चाचा ओरडला, "ए, हितं कोन हाय रं?" हॉलभर हशा पिकला. मी कडेला उभी. मुलांना संवाद पुरवायचे सोडून माझं सगळं लक्ष आईकडे. आई हसत होती. माझा जीव भांड्यात पडला.

नाटुकलं संपलं आणि मॅडमची नजर पहिल्या रांगेवर गेली. "अरे वा! या आजी तर पट्टी बांधूनच आल्यात! आजी, वर या ना, दोन शब्द बोला!" त्यांना काय ठाऊक, ती पट्टी ऑपरेशनची आहे, आणि ही माझी आई आहे. मी सांगायला हवं होतं. चार पावलांचं अंतर होतं. मी जागची हलले नाही.

मॅडमनी आईला हाताला धरून वर नेलं. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी ठेवली, हातात माईक दिला. ती बिचारी खरोखरच चार शब्द बोलायला उभी राहिली.

"पोरांनो, लई झ्याक केलं बगा. एका डोळ्यानं बी समदं दिसलं मला."

हशा. आई थांबली, जराशी हसली, पुन्हा बोलू लागली. "माजी लेक हितं शिकीवती. तिला शिकवाया म्या लोकाच्या रानात खुरपं घिऊन भांगललंय."

आणखी मोठा हशा. टाळ्या, मागून एक शिट्टी. लोकांना वाटलं, म्हातारीनं चाच्याचं सोंग काय झकास वठवलंय! आईनं हॉलभर पाहिलं. मग एका डोळ्यानं मला शोधलं. मी हसत होते. सगळे हसत होते म्हणून मीही दात काढून टाळ्या वाजवत होते.

तिनं माईक टेबलावर ठेवला. टोपी काढून मॅडमच्या हातात दिली आणि खाली उतरली.

दुपारी दवाखान्यात पट्टी निघाली. दिसतंय का, डॉक्टरांनी विचारलं.

"हो. चांगलं दिसतं आहे," आई म्हणाली.

मला वाटलं, मागून दुसरंच कोणी बोललं.

घरी आल्यावरही तेच. "मला चहा नको आहे." "पंखा बंद कर." प्रत्येक शब्द तोलूनमापून, खालच्या आवाजात, परक्याच्या घरी बसल्यासारखी. भाजीवालीनं खालून दोनदा हाक मारली, आई गॅलरीत गेली नाही. मी ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. कपाट आवरायला काढलं आणि तसंच टाकलं. "आई, चुकलं गं माझं," म्हणाले तर म्हणते, "कशाबद्दल? काही झालेलं नाही." भांडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवस असे काढले आणि ती गावी जायला निघाली.

एसटी स्टँडवर मंगळवेढ्याची गाडी लागली. आईला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी, पिशवी वर दिली, बाटली दिली, उगाच इकडून तिकडे होत राहिले. पलीकडे शाळेतल्या दोन मुलांच्या आया उभ्या होत्या, मला बघून हात करत होत्या. कंडक्टर चढला. आता गाडी निघणार.

"आये!" मी ओरडले. वीस वर्षांत तो शब्द तोंडातून निघाला नव्हता. "आये, पोचलीस की फोन कर गं! डोळ्यात औषद घालाय इसरू नगंस! आन् चुलीफुडं बसू नगं, धूर लागंल!"

अर्ध्या गाडीनं माना वळवल्या. त्या दोघी बायका बघतच राहिल्या. बघू देत.

आईनं काच सरकवली. वाकून हात बाहेर काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"हळू बोल," ती म्हणाली. "लोक हसतात."