आक्काचं वेगळं मत

आक्का कोडिंगला बसायची ती माझ्याकडे पाठ करून. चेहऱ्यावरूनसुद्धा मला तिचं उत्तर कळू नये म्हणून. ती निमगाव केतकीची, माझ्याहून मोठी. बारामतीच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच संशोधनावर होतो. रेडिओच्या शेती कार्यक्रमासाठी बायकांनी फोनवर ठेवलेले निरोप ऐकायचे, निरोप कशाबद्दल आहे ते ठरवून त्याला नेमलेला आकडा, म्हणजे कोड, द्यायचा. जनावरं, पीक, पाणी, घर. दोघींनी वेगवेगळं ऐकायचं आणि मग जुळवून बघायचं. जुळलं, तरच ते काम भरवशाचं.

वडगाव निंबाळकरच्या एका बाईंचा निरोप होता : म्हैस पान्हा चोरते, आणि सासूबाई म्हणतात माझ्या हातालाच गुण नाही. मी ‘जनावरं’ दिलं, आक्कानं ‘घर’.

“म्हशीचं औषध कुणीबी सांगंल,” ती म्हणाली. “ही बाई कशापायी बोलती, ते ऐक की.”

दुपारभर आम्ही भांडलो. चहा मात्र तिनंच आणला.

पुढच्या उन्हाळ्यात आमचं जुळेनासंच झालं. आमच्या मार्गदर्शक सरांना वाटलं, पोरी कंटाळल्या. आक्कानं न जुळलेले निरोप पुन्हा लावले, आवाज वाढवत नेला आणि शेवटी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“हळू बोलणाऱ्या बायका मला ऐकूच येत न्हाईत,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकू येणं आणखी कमी होत जाणार. तिची पीएचडी या निरोपांवरच उभी होती. मी म्हणाले, “मी निरोप लिहून काढते, तू वाचून कोड दे.”

“लिहिताना ऐकणार तू. मग माझं मत येगळं कुठं राहिलं?”

त्या उन्हाळ्यातले स्वतःचे सगळे कोड तिनं सरांना रद्द करायला लावले आणि गावी भावाकडे निघून गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. ती लगेच माझं म्हणणं मान्य करायची. काम भराभर उरकलं, पण भांडायला कुणी उरलं नाही.

आक्का आता कानात यंत्र घालते. समोर बसलं तर भागतं, फोनवर मात्र तिला काहीच उमगत नाही. तरी रविवारी तिचा फोन येतो. बाजारात काय आलं, पुतणी काय शिकते, ती सांगत राहते. मधेच विचारते, “ऐकतियास न्हवं?” आणि उत्तराला न थांबता पुढं बोलू लागते.

मी दर वेळी “हो आक्का” म्हणते.