बाबांचे शेवटचे शब्द
निलगिरीच्या तेलाचा वास आला की परदेशातल्या तोआ पायोह वस्तीतला आमचा फ्लॅट आठवतो. मी जुन्या इंग्लिश धर्मगुरूंच्या चरित्रांवर पीएचडी करत होते. त्यांत प्रत्येक जण मरताना काहीतरी उदात्त बोलतो; हे चरित्रकारांनी रचलेलं असतं, असं मी प्रबंधात ठणकावून लिहिलं होतं. आजारी बाबा हसायचे, "मला नाही हं असलं सुचायचं!" एका दुपारी ते म्हणाले, "पंखा बंद कर गं, थंडी वाजते." मी पंखा बंद करून वळले, तर ते गेले होते. संध्याकाळी पुण्याहून आजीचा फोन आला. "माझ्या लेकानं जाताना रामाचं नाव घेतलं का गं?" मी म्हटलं, "हो आजी, दोनदा." आता वाटतं, त्या चरित्रकारांनाही कुणीतरी असंच विचारलं असणार.